साठ वाद्यं रोज एकदम वाजवली म्हणजे सराव होतो का?

गुहागरकर: आमच्या शाळेच्या पथकात 60 मुलं आहेत. 35 ढोल, 10 ताशे, बाकी झांजा. 15 ऑगस्टच्या प्रभातफेरीची तयारी जुलैत सुरू होते आणि तेव्हा मैदानात नुसता चिखल. म्हणून सगळे पत्र्याच्या सभागृहात रोज तासभर एकदम वाजवतात. कोण चुकतंय ते कुणालाच ऐकू येत नाही. हे थांबवायला हवं. ताशे एका वर्गात, ढोल दोन गटांत, झांजा पडवीत. ढोलवाल्यांनी आधी तोंडाने बोल म्हणत जुन्या टायरवर हात बसवावा. एकत्र फक्त शनिवारी, शाळा सुटल्यावर. शिवाय मुलांच्या कानांचं काय? 85 डेसिबल आवाज 8 तास चालतो असं धरतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं उरतात, आणि पत्र्याखाली 100 गाठायला वेळ लागत नाही.

पालखीवाला: शिमग्यात ढोल कुणी वर्ग पाडून शिकवला? पोर पालखीबरोबर चालतं, जाणत्यांचे हात बघतं आणि शिकतं. टायर बडवायला लावलंत तर आठवड्यात अर्धी पोरं गळतील. सगळे मिळून वाजवण्यातच रंग आहे, त्यासाठीच तर ती येतात.

गुहागरकर: पालखीपुढे एका शिकाऊ पोराभोवती चार जाणते असतात. इथे साठही शिकाऊ. कुणाचे हात बघायचे?

सातवीची आई: शनिवार नको हो. आमच्या वाडीची दुपारची एसटी चुकली की थेट संध्याकाळची. पावसात पोरींनी स्टँडवर थांबायचं का? खेळाचा तास घ्या.

चिपळूणचा ताशेवाला: खरी गडबड चालताना होते. रांग 30 मीटर लांबली, ताशे पुढे राहिले, की शेवटच्या ढोलाला ताशा सुमारे 0.09 सेकंद उशिरा ऐकू येतो, कारण आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. द्रुत लयीत हे जवळजवळ पाव मात्रेचं अंतर. वर्गात पक्कं केलेलं रस्त्यावर फुटतं ते यामुळे. रोज एकत्रच हवं.

गुहागरकर: त्यासाठी ताशे रांगेच्या मधोमध घ्या, अंतर निम्मं होईल. आणि मागच्यांनी कानावर न जाता पुढच्या ध्वजाच्या हालचालीवर नजर ठेवावी. ही सवय नुसत्या टाळ्यांवर चालूनही लागते, तीही पडवीत. बाकी खेळाच्या तासाची सूचना चांगली आहे, शनिवार सोडून देऊ.

पालखीवाला: चामड्याचं पान पावसाळी हवेत सैल पडतं. दोऱ्या ओढून ताण धरायचा, टिपरू किती जोरात मारायचं, हे टायरवर कळणार नाही. गट पाडायचे तर पाडा, पण प्रत्येक गटात पाच-सहा खरे ढोल द्या आणि आळीपाळीने सगळ्यांच्या गळ्यात घाला.