गिलरेची व्यंगचित्रं: युवराजाची एवढी टर उडवून हे लोक सुटायचे कसे?

मुक्ता_के
ब्रिटिश म्युझियमच्या साईटवर सध्या जेम्स गिलरेची चित्रं बघतेय. 1792 चं एक आहे, प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे चौथा जॉर्ज झाला तो) भरपेट जेवून खुर्चीत रेललाय, पोट एवढं सुटलंय की वेस्टकोटचं एकच बटण कसंबसं टिकलंय, आणि चक्क काट्याने दात कोरतोय. मागे भरून वाहणारं मुताचं भांडं आणि त्याच्याखाली थकलेली बिलं! तिकडे फ्रान्समधे राजेशाही कोसळत होती, आणि इकडे लंडनमधे हे उघड विकलं जात होतं. राजघराण्याने खपवून कसं घेतलं? कुणी सांगेल का नीट?

जुनापेठकर
त्याचं जोडचित्र पण बघ, त्याच महिन्यातलं. बाप तिसरा जॉर्ज उकडलेलं अंडं खातोय, विजारीला ठिगळ, शेकोटीत आग नाही. पोरगा उधळ्या तर बाप चिक्कू. गिलरेने कुणालाच सोडलं नाही म्हणून तो मला सगळ्यात मोठा वाटतो.

सावनी
मुक्ता, खटला भरायचा तर "चित्रातला ढेरपोट्या मीच" असं कोर्टात कबूल करायला लागणार ना, त्यात अजून शोभा आणि चित्राचा खप वाढणार तो वेगळाच. पण अगदी मोकळं रान नव्हतं हां, 1796 मधे युवराजाच्या नवजात मुलीवरच्या चित्रापायी गिलरेला अटक झाली होती, मात्र प्रकरण शिक्षेपर्यंत गेलं नाही. आणि गिऱ्हाईक कोण ते पण बघ. त्याची चित्रं छापायची हॅना हम्फ्री, तिच्याच दुकानावर तो राहायचा, आणि 1797 पासून ते दुकान सेंट जेम्स स्ट्रीटवर म्हणजे उमरावांच्या क्लबांच्या गल्लीत. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे, मग एकेक प्रत हाताने रंगवायची, त्यामुळे रंगीत चित्र गरिबाला परवडणारं नव्हतंच. ज्यांची टिंगल तेच विकत घेणार! खिडकीसमोर उभं राहून फुकट बघणारे मात्र सगळ्या थरातले.

मुक्ता_के
म्हणजे हसणारे पण तेच? हे डोक्यातच आलं नव्हतं.

जुनापेठकर
हो, खुद्द युवराज जमवायचा. विंडसरच्या राजवाड्यातला तो संग्रह 1921 मधे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. पण जिव्हारी लागलं की पैसे चारायचे. 1820 मधे, तोवर युवराज राजा झाला होता, जॉर्ज क्रुकशँक या व्यंगचित्रकाराला 100 पौंड दिले, राजाला अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही या बोलीवर. गिलरेलाही 1797 पासून सरकारी पेन्शन होती, आणि त्यानंतर पंतप्रधान विल्यम पिटच्या विरोधकांवर त्याची धार जास्त चालली हे चित्रं तारखेने लावली की दिसतं.

सावनी
पेन्शनीचं खरंय, पण पिटलाही त्याने सोडलं नाही, 1805 चं ते पिट आणि नेपोलियन पृथ्वीचं पुडिंग कापून खातायत ते बघ ना. आणि मुक्ता, आपल्याकडचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर पण आहेत त्याची, 1786 पासूनची, आपल्याकडून नेलेल्या पैशावर तिकडे काय चाललं होतं ते त्यात दिसतं. साईटवर प्रत्येक चित्राखाली कोण कोण आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचत वाचत बघ.