मदत हवी आहे : १९६३ च्या ब्रिटिश लोकप्रियता याद्या

साठच्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये गाण्यांच्या लोकप्रियतेची एकच अधिकृत यादी नव्हती. निरनिराळी साप्ताहिके ध्वनिमुद्रिकांच्या आपापल्या निवडक दुकानांकडून खपाचा क्रम मिळवत आणि त्यावरून स्वतःची यादी छापत असत. त्यामुळेच १९६३ च्या आरंभी बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’ ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ व ‘मेलडी मेकर’मध्ये पहिले आले, पण ‘रेकॉर्ड रिटेलर’मध्ये फ्रँक आयफील्डच्या गाण्यामागे दुसरेच राहिले. पुढे नेमकी हीच यादी प्रमाण मानली गेली, हे मला आजही अन्यायाचे वाटते. फेब्रुवारी-मार्च १९६३ चे या साप्ताहिकांचे मूळ अंक, निदान यादीच्या पानांची छायाचित्रे, कोणाच्या संग्रही असल्यास किंवा ती कोणत्या ग्रंथालयात पाहता येतील हे ठाऊक असल्यास कृपया कळवावे.