आदेश तर मिळाला, आता अंमलबजावणी? घटस्फोट, ताबा आणि पोटगीचे अनुभव

धागाकर्ती

घटस्फोट कसा मिळवायचा यावर सल्ले देणारे पायलीचे पन्नास भेटतात. निकालानंतरचं मात्र कुणी बोलत नाही. पोटगी मंजूर झाली पण खात्यात काही येत नाही, रविवारची भेट ठरली आणि दाराला कुलूप, स्त्रीधनाची यादी निशाणी (कोर्टाचा कागद-क्रमांक) पडून फाइलमध्ये आहे आणि दागिने अजून तिकडेच. अशा वेळी नेमकं काय केलंत, कुठला अर्ज कामी आला, कुठला वाया गेला, ते लिहा. डू आयडी (दुसऱ्या नावाचं खातं) चालेल. जोडीदार, वकील, न्यायाधीश यांची नावं नकोत, गावही नको. 'सगळ्या बायका अशाच' आणि 'सगळे पुरुष तसेच' हे दोन्ही प्रकार उडवले जातील.

सुरुवात मीच करते. माझी पोटगी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय, पण कोर्टात अजून सगळे 'एकशे पंचवीस'च म्हणतात. सुरुवातीला पैसे आले, मग आटले. घरचे म्हणत होते, थोडं थांब, देईल. कोर्टाच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईंनी मला हलवलं. म्हणाल्या, थकलेली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज टाकावा लागतो, नाहीतर या कलमाखाली तिच्या वसुलीचं वॉरंट निघत नाही. ही एक ओळ माझ्या आदेशात कुठेच लिहिलेली नव्हती.

अर्ज टाकला, वॉरंट निघालं आणि परत आलं. शेरा : 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' सदर इसम त्याच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगवरून रोज भांडत होता. पुढच्या तारखेला मी शपथपत्रावर त्याच्या ऑफिसचा पत्ता, कामाची वेळ आणि गाडीचा नंबर दिला आणि वॉरंट ऑफिसच्या पत्त्यावर मागितलं. पैसे भरले गेले. न भरल्यास दर महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि आत जाऊन आला म्हणून रक्कम माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच कुलदीप कौर प्रकरणात सांगितलंय. 'मी आत जाईन पण पैसे देणार नाही' म्हणणाऱ्यांना हे आधीच ऐकवा.

दरखास्तवाली

माझं वेगळं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालचा हुकूमनामा आहे, म्हणून वसुली दिवाणी मार्गाने, म्हणजे दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज). इथे मुदत बारा वर्षांची, आणि दरमहाच्या पोटगीत ती त्या त्या हप्त्यापासून मोजतात. त्यामुळे धागाकर्तीचा एक वर्षाचा नियम वाचून घाबरू नका. तुमचा आदेश कुठल्या कायद्याखालचा आहे ते आधी पहिल्या पानावर बघा.

मी पगारावर जप्ती मागितली. लोकांना वाटतं पगाराला हात लावता येत नाही. साध्या कर्जवसुलीत पगाराचा बराच भाग वाचतो हे खरं, पण पोटगीच्या हुकूमनाम्यात दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित ठेवतं. बाकीचे दोन तृतीयांश जप्त होऊ शकतात. मात्र 'अमुक कंपनीत नोकरीला आहे' एवढं लिहून भागत नाही. कंपनीचं नोंदणीकृत नाव, पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचा पत्ता, जमल्यास कर्मचारी क्रमांक, हे सगळं लागतं. आमच्याकडे कंपनीच्या नावात एक 'सर्व्हिसेस' राहिला होता, एवढ्यावर नोटीस परत आली. नाव दुरुस्त झाल्यावर पुढच्याच पगारापासून कपात सुरू.

पर्सिस

बापाची बाजू. माझ्या आदेशात होतं, 'वडिलांना मुलीची वाजवी भेट द्यावी.' किती वाजता, कुठे, किती वेळ, काही नाही. शनिवारी गेलो तर ती मामाकडे, रविवारी गेलो तर क्लास. मी अवमान याचिकेच्या गोष्टी करायला लागलो, तेव्हा वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, तुम्हाला नेमकी कुठली भेट नाकारली ते दाखवा. दाखवता येईना, कारण ठरलेली अशी भेटच नव्हती.

मग भेटीचं वेळापत्रक ठरवून मिळावं असा अर्ज केला. नवा आदेश असा : पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी अकरा ते पाच. पहिले काही महिने कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, नंतर बाहेर. आणणार कोण, नेणार कोण. मूल आजारी असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत मेसेज आणि त्याऐवजी पुढचा शनिवार. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी. बुधवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. कॉलचा मुद्दा समोरच्यांनी ताणून धरला होता, पण २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काला उघड पाठिंबा दिलाय, तो वाचून दाखवल्यावर विरोध मावळला.

मुलांच्या खोलीबद्दल थोडं. तिथल्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या असतात. मी त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो आणि लेक पाठ करून रंगवत होती. आईने बजावलं होतं की तिचं तिलाच अवघड वाटत होतं, कुणास ठाऊक. बराच वेळ गेला. मग न बघता तिने एक स्केचपेन मागे केलं. झाकण अडकलं होतं. मी काढून दिलं. मग दुसरं आलं. त्याचं झाकण चांगलं सैल होतं.

भेट बुडाली की मी भांडत नाही. दारात उभं राहून व्हिडिओही काढत नाही, मूल बघत असतं. त्याच संध्याकाळी तारीख-वेळ लिहून एक साधा मेसेज करतो आणि पुढच्या तारखेला ते सगळे मेसेज पर्सिससोबत (कोर्टात द्यायचं छोटं लेखी निवेदन) दाखल करतो. बुडालेल्या दिवसांच्या बदल्यात उन्हाळ्यात जास्तीचे दिवस मिळाले, ते या कागदांवर.

निवृत्त समुपदेशक

बरीच वर्षं विवाह समुपदेशक म्हणून काम केलंय, म्हणून पर्सिस यांच्या पोस्टला जोडून लिहिते. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की बदलून मागता येतो. त्यामुळे 'ताबा हरलो' म्हणून भेटीही सोडून देणारे आईबाप बघितले की मला राग येतो. वर्षभराने तेच परत येतात आणि मूल त्यांना ओळखेनासं झालेलं असतं.

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. त्यातला 'साधारणपणे' दोन्ही बाजू विसरतात. त्याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सर्वांत वर. आणि कृपा करून मुलांना पढवू नका. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकट्याने बोलतात. सात वर्षांचं पोर 'बाबांनी आमच्या उदरनिर्वाहाची तरतूद केली नाही' असं बोलायला लागलं की समोरच्याला सगळं कळतं, आणि पढवणाऱ्याचीच बाजू लंगडी पडते.

सहमती

आमचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खालचा, परस्पर संमतीचा. लोक म्हणतात त्यात काय, दोन सह्या. आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने थांबून दुसरी तारीख. हे सहा महिने माफ होऊ शकतात, अमरदीप सिंग प्रकरणाचा २०१७ चा निकाल आहे. पण मागितलं आणि मिळालं असं नसतं. पोटगी, ताबा, वस्तू सगळं खरोखर मिटलंय आणि थांबून काही साधणार नाही, हे कोर्टाला पटावं लागतं. आमचं पटलं.

महत्त्वाचं हे की हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच तारखेला देऊ नका, आणि घेणाऱ्यांनी सगळं 'नंतर देतो'वर सोडू नका. आमच्यात काही भाग अर्जाच्या वेळी, बाकीचा डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर. बाकीच्या केसेस कोण, कधी मागे घेणार तेही कन्सेंट टर्म्समध्ये (संमतीच्या लेखी अटींमध्ये) घाला. ४९८अ ही सासरच्या छळाची फौजदारी केस आपसात मिटवून मागे घेता येत नाही, ती रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. तिथे समोरच्याने येऊन संमतीचं शपथपत्र देणं हेही एक कलम म्हणून लिहून घ्या. आणि मुलाच्या पासपोर्टला सही द्यायची, हेसुद्धा. हे कलम माझ्या मेहुण्याने सुचवलं तेव्हा मी हसलो होतो. शाळेची परदेशी सहल निघाली तेव्हा तेच कामी आलं.

नोकरी गेलेला

इथे सगळे घेणाऱ्यांचे अनुभव आहेत, एक देणाऱ्याचा. कंपनीने कपात केली, माझी नोकरी गेली. मित्रांचा सल्ला : आता पोटगी आपोआप थांबली. नाही थांबत. आदेश बदलेपर्यंत तोच आकडा चढत राहतो. पूर्वीचं कलम १२७, आता १४६, त्याखाली रक्कम कमी करून मागता येते. मी अर्जासोबत कामावरून कमी केल्याचं पत्र, बँकेचे उतारे आणि नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे ईमेल लावले. निकाल येईपर्यंत जमेल तेवढी रक्कम बँकेतून भरत राहिलो, रोख एकदाही नाही. रक्कम कमी झाली, शून्य झाली नाही. माझ्या मते ते योग्यच होतं.

शिवाय २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं. तिथे लपवाछपवी करू नका. समोरच्या वकिलाच्या हातात तुमचं जुनं गृहकर्जाचं प्रकरण असू शकतं, आणि त्यात तुम्ही स्वतःच उत्पन्न फुगवून लिहिलेलं असतं.

यादी

स्त्रीधनाबद्दल. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ खाली ते परत देण्याचा आदेश मिळाला. संरक्षण अधिकारी आणि एक महिला पोलिस सोबत घेऊन गेले. सासूबाईंनी कपाट उघडून दिलं आणि म्हणाल्या, ने काय न्यायचं ते. यादीत माझ्या वकिलांनी 'सोन्याचे दागिने' असं मोघम न लिहिता प्रत्येक वस्तू, वजन आणि लग्नातल्या फोटोचा क्रमांक लिहिला होता. त्यामुळे 'हे आमचंच आहे'ला जागा उरली नाही. बांगड्या मिळाल्या, हार नाही. पंचनाम्यात 'मिळून आला नाही' अशी नोंद करून घेतली आणि आता हाराच्या किमतीसाठी अर्ज चालू आहे. जाताना दहावीचं सर्टिफिकेट आणि मुलाचा जन्मदाखला पहिल्यांदा पिशवीत टाका, सोनं नंतर.

सातासमुद्रापार

परदेशात राहते. नवऱ्याने इथल्या कोर्टातून एकतर्फी घटस्फोट घेतला, कारण इथल्या कायद्याचं, आपल्याकडच्या हिंदू विवाह कायद्यात नसलेलं. १९९१ च्या वाय. नरसिंह राव निकालानुसार असा निकाल भारतात मानला जात नाही. दुसऱ्या पक्षाने स्वतः हजर राहून मान्य केला असेल तर गोष्ट वेगळी. सासरचे अजूनही म्हणतात 'झाला की घटस्फोट'. भारताच्या कागदोपत्री मी विवाहित आहे. आणि मूल घेऊन कुणी एकदम विमानात बसण्याआधी : मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही. पण त्याचा अर्थ भारतात आणलं की सुटलो असा नाही. मुलाच्या हिताचं असेल तर आपली कोर्टं मूल परत पाठवतात.

नातवाची आजी

मला टायपिंग जमत नाही, भाची लिहितेय. मुलाच्या भेटीच्या आदेशात 'वडील व त्यांचे आईवडील' असं घालून घ्या. आमच्यात ते नव्हतं, तर सूनबाई म्हणाली आजीचं नाव नाही. तिचं चुकलं नव्हतं. दुरुस्ती करून घेतली. आता कॉलवर तो मला नवीन पडलेला दात दाखवतो.

प्रश्नकर्ता

घटस्फोटाचा निकाल माझ्या बाजूने लागलाय, समोरच्यांनी विरोध केला होता. दुसरं लग्न कधी करता येईल? मुलीकडचे साखरपुड्याची घाई करतायत.

धागाकर्ती

साखरपुडा करा, लग्न थांबवा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत संपायला हवी, किंवा अपील झालं असेल तर ते फेटाळलं जायला हवं. त्याच कायद्यात अपिलाला ९० दिवस आहेत. कुटुंब न्यायालय कायद्यात ३० आहेत म्हणून कुणी घाई करायला सांगेल, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० च धरलेत. ते संपल्यावर अपील दाखल झालंय का ते उच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर दोघांची नावं टाकून बघा आणि वकिलांकडून खात्री करून घ्या.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. बहिणीचंही विचारायचं होतं. तिची पोटगी थकलीय, वकिलाची फी परवडत नाही, आणि ती स्वतः कमावते म्हणून मोफत वकील मिळणार नाही असं कुणीतरी सांगितलं.

दरखास्तवाली

चुकीचं सांगितलं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात महिलांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० वर फोन करायचा. जाताना आदेशाची सत्यप्रत, बँकेचं पासबुक आणि किती महिने थकले त्याचा तक्ता घेऊन जायला सांगा. आणि आदेश १२५ चा आहे का ते आजच बघा, कारण वर्ष मोजणं त्यावर आहे.