मदत हवी आहे: पहिलीतल्या मुलाचा घरचा अभ्यास – मराठी, कन्नड आणि ‘एकवीस’चे झालेले १२

खानापूरची_आई

नमस्कार मंडळी,

मुलगा सहा वर्षांचा, यंदा जूनपासून सरकारी मराठी शाळेत पहिलीला. आम्ही बेळगावजवळच्या खानापूरला, कर्नाटकात, म्हणून शाळेत कन्नडही आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. संध्याकाळी स्वयंपाकाआधी अर्धा तास त्याच्यासोबत बसता येतं. अडचणी अशा:

पेन्सिल मुठीत धरतो, दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो. ३ आणि ६ उलटसुलट काढतो. ‘एकवीस’ सांगितलं की १२ लिहितो. कन्नड अक्षरं वाचता येईनात म्हणून मी कन्नड शब्द वहीत मराठी अक्षरांत लिहून दिले. ते घडाघडा वाचतो, पण बाईंनी फळ्यावर लिहिलेलं एकही ओळखत नाही.

घरात असलेल्या वस्तूंत काय करून घेता येईल? ट्यूशन नको आहे. तीन वर्षांची धाकटी मुलगी पण शेजारीच बसते, तेही ध्यानात घ्या.

---

पाटीवाल्या_बाई

ताई, आधी हाताचं बघू. मुठीत पेन्सिल धरणाऱ्या मुलाला ‘नीट धर’ असं शंभरदा सांगून पकड बदलत नाही. बोटांत जोर आला की बदलते. त्यासाठी रोज दहा मिनिटं पुरतात, आणि ती स्वयंपाकघरातच जातात: भुईमुगाच्या शेंगा फोडणं, लसूण सोलणं, वाळलेल्या कपड्यांचे चिमटे काढून डब्यात टाकणं, भाकरीच्या पिठाचा गोळा मळून त्याच्या बारीक गोळ्या करणं. चिमटा अंगठा आणि पहिल्या बोटानंच दाबायला सांगा. मूठ वळली की थांबवा.

लिहायला आठ-पंधरा दिवस वही बंद. पाटी आणि खडूचा तुकडा द्या, पण तुकडा दोन-अडीच सेंटिमीटरचाच. एवढा लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, तीन बोटं आपोआप पुढे येतात. अख्खा खडू दिलात तर मूठ परत आलीच समजा. पाटी मांडीवर न ठेवता भिंतीला उभी टेकवा, मूल समोर बसून लिहील. मनगट वर वळतं आणि खांदाही कामाला लागतो.

नवीन अक्षरासाठी स्टीलच्या ताटात रवा पसरा. जाड थर दिला की रेघेच्या कडा ढासळतात आणि अक्षर बुजतं. दोन वाट्या रव्याचा इतका पातळ थर हवा की बोट फिरलं की खालचं चकचकीत स्टील दिसलं पाहिजे. पावसात रवा ओलसर होऊन बोटाला चिकटतो, तेव्हा उन्हात तापवून हवाबंद डब्यात ठेवा. रांगोळी मात्र वापरू नका. ती दगडाची भुकटी असते, डोळ्यात गेली तर त्रास होतो, आणि मुलं डोळे चोळतातच.

अक्षरांचा क्रम अ-आ-इ असा धरू नका. ग, म, भ, न ही उभ्या दांड्याची अक्षरं आधी, मग व, ब, क. ‘घ-ध’, ‘म-भ’, ‘य-थ’ या जोड्या एकाच आठवड्यात घेऊ नका. घ पक्का झाला की पंधरा दिवसांनी ध. दोन्ही एकदम शिकवले की दोन्हींत घोळ होतो आणि तो वर्षभर निघत नाही.

३ आणि ६ बद्दल: ही दोन चिन्हं मुळातच एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी आहेत. या वयात उलटं काढणं सामान्य आहे, काळजीचं नाही. एकच अंक आठवडाभर रव्यात काढून घ्या, बोट कुठून सुरू होतं तिथे ताटाच्या कडेला हळदीचा ठिपका द्या. आणि एक बघा: गणिताच्या पुस्तकात अंक इंग्रजी आहेत की मराठी? मराठी १ आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखे दिसतात. हिशेब लिहिताना पुस्तकातलेच अंक ठेवा, दुसरे फक्त ओळखायला.

---

गरगस

कन्नडचं मी सांगतो. मराठी अक्षरांत लिहिलेली ती पानं काढून टाका, राग मानू नका. मुलाची नजर ओळखीच्या अक्षराकडेच जाते, कन्नड अक्षर बघायची गरजच उरत नाही. शिवाय मराठी लिपीत एक मोठी गोष्ट हरवते: कन्नडमध्ये ए आणि ओ दोन-दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. ‘एले’ म्हणजे पान, यातला ए आखूड. ‘एळु’ म्हणजे सात, यातला लांब. ‘ओंदु’मधला ओ आखूड, ‘ओदु’ म्हणजे वाच, त्यातला लांब. आपण मराठीत दोन्ही सारखेच लिहितो, म्हणून मूल दोन्ही लांबच म्हणतं.

कन्नड नलि-कलि (म्हणजे ‘आनंदानं शिक’) पद्धतीत अक्षरं र, ग, स, द, अ या क्रमानं सुरू होतात. ही पद्धत १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली आणि मग कर्नाटकभर सरकारी शाळांत गेली. तुमच्या बाई कोणता क्रम घेतात ते आधी विचारा, आणि घरी तोच ठेवा. घरी अ-आ-इ, शाळेत र-ग-स, असं झालं की मूल दोन्हीकडे मागे पडतं.

पाचच अक्षरांत किती शब्द होतात बघा: सर (हार), दर (भाव), अरस (राजा), अगस (धोबी), गरगस (करवत). पाच पुठ्ठ्यांवर पाच अक्षरं काढा, चहाच्या पुड्याचा पुठ्ठा चालतो, आकार तळहाताएवढा. अक्षरं तुम्ही काढू नका, शाळेत जाऊन बाईंकडून काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. चुकीच्या वळणाचं अक्षर एकदा बसलं की ते मोडायला महिना जातो. र, ग, स, द यांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी जी रेघ असते तिला तलकट्टु म्हणतात. अ ला ती नसते. पुढे ‘रि’, ‘रु’ आले की तलकट्टुच्या जागी किंवा सोबत दुसरी खूण येते, त्यामुळे ही रेघ मुलाला आत्ताच वेगळ्या रंगाच्या खडूनं दाखवा.

पुठ्ठे लावायची रीत: अ-र-स एकापुढे एक ठेवा, अक्षरावर बोट ठेवून म्हणायला लावा. इथे आपली मुलं हमखास चुकतात. मराठीत शेवटचा अ आपण गिळतो, म्हणून ‘सर’ला ‘सर्’ म्हणतात. कन्नडमध्ये तो पूर्ण बोलायचा: स-रऽ, अ-र-सऽ. ‘मर’ म्हणजे झाड, दोन्ही अक्षरं पुरी. एका अक्षराला एक टाळी लावली की ही चूक आठवड्यात जाते.

बाहेर पडलात की पाट्या वाचा. बसच्या पाटीवर ‘खानापुर’मध्ये शेवटचा र आहे. ‘सदलगा’ गावची गाडी दिसली तर स आणि द सुरुवातीलाच. कोणत्याही ‘नगर’च्या पाटीत ग आणि र शेजारी. पाटी पूर्ण वाचायला लावू नका, ‘आपला र कुठं आहे?’ एवढंच विचारा. रोज तीन र सापडले तरी भरपूर.

---

जुडी_आणि_सुटे

‘एकवीस’चे १२ होणं ही मुलाची चूक नाही, कान जे ऐकतो तेच हात लिहितोय. मराठीत एक आधी बोलतो, वीस नंतर. त्यानं एक आधी लिहिला. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’: इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु एक. दशक आधी. म्हणजे बेळगाव-खानापूरच्या मुलाच्या हातात तोडगा आधीच आहे, तो वापरा.

खराट्याचे हिर घ्या, शंभर तुकडे, प्रत्येक बोटाएवढा (सात-आठ सेंमी). टोकं फरशीवर घासून बोथट करा. दहा रबर. मुलानं दहा काड्या मोजायच्या, स्वतः रबर लावून जुडी बांधायची. तयार जुड्या देऊ नका. आपण बांधून दिली की त्यात दहा आहेत यावर मुलाचा विश्वास बसत नाही, आणि तो जुडीला ‘एक’ मोजतो. चार-पाच दिवस नुसतं बांधणं-सोडवणं चालू दे.

मग: जुड्या मुलाच्या डाव्या हाताला, सुट्या काड्या उजव्या. दोन जुड्या ठेवताना ‘इप्पत्तु’, एक काडी ठेवताना ‘ओंदु’, दोन्हींवर हात फिरवून ‘एकवीस’. मग खाली पाटीवर जुड्यांखाली २, काडीखाली १. तुम्ही त्याच्या समोर बसलात तर तुमचं डावं त्याचं उजवं होतं, म्हणून शेजारी बसा. बारीक वाटेल, पण घोळ इथेच होतो.

एकोणीस, एकोणतीस आत्ता घेऊ नका. त्यात वजाबाकी दडलेली आहे. दिवाळीनंतर तीन जुड्या ठेवून एक सोडवायला लावा, एक काडी काढून घ्या, मग ‘एक कमी तीस’ त्याच्या डोळ्यांना दिसेल.

बेरजेसाठी चिंचोके. सहा घ्या, खडबडीत दगडावर एक बाजू घासून पांढरी करा. फेकले की किती पांढरे, किती तपकिरी? चार आणि दोन, पाच आणि एक. सहाच्या सगळ्या जोड्या मूल खेळता खेळता पाठ करतं. हाताला बसलं की सात करा. सगळे सारखेच घासा, कमी-जास्त घासले तर एकच बाजू पडत राहते.

---

खानापूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. टाळ्यांचा खेळ मराठीला पण करून बघितला. ‘बटाटा’ला तीन टाळ्या बरोबर वाजवल्या, पण ‘कापूस’ला दोनच वाजवतो, का-पूस. समजावलं तरी ऐकत नाही. आणि तो ‘मी जेवूलालो’ म्हणतो, पुस्तकात ‘मी जेवत आहे’. घरचं बोलणं बंद करू का?

---

पाटीवाल्या_बाई

त्याच्या दोन टाळ्या बरोबर आहेत, ताई. ‘कापूस’ आपण दोन झटक्यांतच बोलतो, अक्षरं मात्र तीन लिहितो. टाळी कानासाठी, अक्षर डोळ्यांसाठी. आधी टाळ्या वाजवू दे, मग पाटीवरच्या प्रत्येक अक्षराखाली एक चिंचोका ठेवायला सांगा. दोन टाळ्या, तीन चिंचोके. हे दोन्ही मिसळून तीन टाळ्या वाजवायला लावल्या की मूल स्वतःच्या कानावर भरवसा ठेवणं सोडतं, आणि वाचायला तर तोच कान हवा असतो.

‘जेवूलालो’ बंद करू नका. ते चूक नाही, ते आपलं बोलणं आहे. ‘आपण जेवूलालो म्हणतो, पुस्तकातला मुलगा जेवत आहे म्हणतो’ एवढं सांगा आणि गोष्ट पुढे न्या. दर वाक्याला दुरुस्ती केली की मूल वाक्यच करत नाही.

वेळेचं म्हणाल तर अर्धा तास सलग नको. हाताचं दहा मिनिटं स्वयंपाकाच्या वेळीच. मराठी किंवा गणित दहा मिनिटं. कन्नड सकाळी दप्तर भरताना पाच मिनिटं, संध्याकाळी नको. दोन लिप्या एकापाठोपाठ घेतल्या की दोन्ही अंगावर येतात. पाटी तोंडाजवळ नेत असेल, किंवा मागून हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर डोळे-कान तपासून घ्या. पावसाळ्यात सर्दीनं कान वाहत असला तरी मुलांना ऐकू कमी येतं, आणि आपण त्याला ‘लक्ष देत नाही’ म्हणतो.

---

जुडी_आणि_सुटे

धाकटीचं राहिलं. तीन वर्षांचं मूल चिंचोका नाकात किंवा तोंडात घालतं. तिच्यासमोर चिंचोक्यांऐवजी बाटल्यांची मोठी बुचं वापरा, चिंचोके ती झोपल्यावर. काम झालं की मोजून डब्यात: सहा काढले तर सहाच परत. हेही मोजणंच झालं, आणि मोठ्यालाच करू दे.

खानापूरकडे घराघरांत काजूच्या बिया असतात म्हणून मुद्दाम सांगतो: मोजायला सालासकट कच्च्या काजूबिया देऊ नका. टरफलातलं तेल लागून हातावर, ओठांवर फोड येतात. फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून चालतील, पण त्याही धाकटी जवळ नसतानाच. फक्त पावसात बुरशी धरते, आठ-दहा दिवसांनी टाकून नव्या घ्या.