मदत हवी: १९९३ पूर्वीची समुद्रपातळी काढताना वाढ शून्य येते

खानापूरकर:
कारवार-मुरगावसमोरची समुद्रपातळी १९५० पासून महिनावार काढायची आहे. उपग्रहांचे १९९३ पासूनचे जागतिक नकाशे (टोपेक्स/पोसायडन, पुढे जेसन) घेऊन हंगाम आणि कल (दीर्घकालीन वाढ) वजा केला, ईओएफ (चढउतारांचे मुख्य नमुना-नकाशे) काढले, पीएसएमएसएल या जागतिक नोंदसंग्रहातल्या टाइड गेजवरून (किनाऱ्यावरचे पाणीपातळी मापक) प्रत्येक नकाशाचे महिनावार गुणांक बसवले. चढउतार झकास येतात, पण एकूण वाढ जवळपास शून्य. ईओएफ १० चे ३० केले तर जुनी वर्षं नुसती उड्या मारतात. जाणकारांनी सांगा.

टिळकवाडी:
शून्य येणारच की! कल वजा केल्यावर ईओएफमध्ये उरते ती पाण्याची इकडून तिकडे सरकासरक. अख्खा समुद्र वर उचलणारा नकाशाच तुमच्याकडे नाही. चर्च, व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यासाठीच ईओएफ-शून्य जोडला: सगळीकडे १ असलेला नकाशा. तो घाला.

गेजच्या फायली आरएलआरच (जमिनीवरच्या स्थिर खुणेला बांधलेल्या) घ्या. तरी प्रत्येक गेजचं शून्य वेगळंच, ७००० मिमीच्या आसपासचे ते आकडे एकमेकांशी ताडू नका. लागोपाठच्या महिन्यांचा फरक घ्या, त्यावर गुणांक बसवा, शेवटी बेरीज करत या. खरी गोची या बेरजेत आहे. एका गेजमधली एक खोटी उडी पुढच्या सगळ्या वर्षांना चिकटते. −९९९९९ म्हणजे नोंद नाही, ते आधी गाळा. रिकाम्या महिन्यावरून फरक काढू नका.

३० ईओएफ नकोत. १९५० च्या सुमारास गेज थोडे, तेही बहुतेक उत्तर गोलार्धात. साधं लीस्ट स्क्वेअर्स (फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी पद्धत) तिथं गोंगाटच फुगवतं. नोंदींत किती चूक असेल याचा अंदाज धरून ऑप्टिमल इंटरपोलेशन (चुकीनुसार वजन देऊन बसवणं) करा, छोटे ईओएफ आपोआप दबतात.

गोवावेस:
टिळकवाडींना +१. उपग्रहाच्या आकड्यांत हवेच्या दाबाची दुरुस्ती आधीच असते, गेजमध्ये नसते. दाब १ हेक्टोपास्कल वाढला की पाणी साधारण १ सेंमी उतरतं. गेजला जीआयए दुरुस्तीही (हिमयुगातला बर्फ वितळल्यावर जमीन अजून वरखाली होते त्याची) लावा. ईओएफआधी नकाशाला अक्षांशाच्या कोसाइनचं वर्गमूळ गुणा, नाहीतर ध्रुवाकडचे चौकोन भाव खातात. उपग्रह मीटरमध्ये, गेज मिमीमध्ये, हेही बघा.

घाटमाथ्यावर कणकुंबीत पाऊस कोसळत असताना कारवारला पाणी उतरतं. ऑगस्ट-सप्टेंबरचा तो खड्डा खराच आहे, दुरुस्त करत बसू नका. किनाऱ्याला चिकटलेला उपग्रहाचा चौकोन मात्र टाळा.

तपासायला मुंबईचं अपोलो बंदर (नोंदी १८७८ पासून) बाजूला ठेवून सगळं परत चालवा आणि निकाल त्याच्याशी ताडा. ईओएफ-शून्यामुळे जागतिक सरासरी बरीचशी गेजच्या सरासरीवरच चालते, त्यामुळे एकट्या कारवारच्या कलावर माझा फार भरवसा नाही.