फ्रिज, चिमणी, सिंक… सगळ्यावर एकदम तपकिरी ठिपके. स्टील खोटं लागलं का?

आंबापोळी:
नमस्कार मंडळी, रत्नागिरीहून लिहितेय. गणपतीच्या आधी व्हावं म्हणून घाईघाईत स्वयंपाकघराचं काम काढलं, नवा ओटा, नव्या टाइल्स, सिंक बदललं, चिमणी घेतली, आणि स्टीलच्या दाराचा फ्रिज तर मी दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकून घेतलाय. काम संपून आठ दिवस झाले. चौथ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना बघते तर फ्रिजच्या दारावर बारीक बारीक तपकिरी ठिपके, चिमणीवर पण तेच, सिंकच्या कडेला तर चहा सांडून वाळल्यासारखे ओघळ. भिंतीवरच्या भांड्यांच्या मांडणीवर सुद्धा आलेत, आणि ती मांडणी बारा वर्षं जुनी आहे, तिला आजवर कधी काही झालं नव्हतं.

ह्यांनी लोहचुंबक लावून बघितलं, फ्रिजला चिकटतं, सिंकला नाही, म्हणून म्हणतात फ्रिजवाल्याने फसवलं. सासूबाई म्हणतात खारा वारा आहे, चालायचंच. कामाच्या मावशींनी एका कोपऱ्यात तारेची घासणी मारली, ठिपके गेले पण ओरखडे उठले आणि दोन दिवसांनी त्याच जागी आणखी जास्त आले. दुकानदार म्हणतो बाहेरचा गंज वॉरंटीत बसत नाही. खूप जीव लावून घेतलेल्या वस्तू आहेत हो, काय करू सांगा.

सुगरण_७२:
अगं लिंबाच्या फोडीवर मीठ घेऊन चोळ, मी तांब्याचा हंडा तसाच लखलखीत करते, गंज पण जाईल.

भोसरीचा_फॅब्रिकेटर:
ताई, मीठ अजिबात नको, थांबा. आधी एक सांगा, टाइल्स लावून झाल्यावर मिस्त्रींनी सिमेंटचे डाग काढायला ऍसिड मारलं होतं का? नवं आणि बारा वर्षांचं जुनं स्टील एकाच आठवड्यात गंजतं म्हणजे दोष स्टीलमध्ये नाही, खोलीतल्या हवेत काहीतरी आलंय.

आंबापोळी:
हो दादा!! शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्या टाइल्स ऍसिडने धुऊन दिल्या, धूर निघत होता, डोळे चुरचुरले. बाहेर पाऊस म्हणून खिडक्या बंद होत्या. उरलेली बाटली अजून सिंकखालच्या कपाटात आहे.

भोसरीचा_फॅब्रिकेटर:
मग सापडलं. मी हॉटेलची किचन बनवतो, हे दर दोन-चार महिन्यांनी बघतो, नवीन हॉटेल उघडायच्या आदल्या आठवड्यात हमखास.

स्टेनलेस स्टील गंजत नाही कारण त्यातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून वर एक पापुद्रा धरतं, दोन-तीन नॅनोमीटरचा, डोळ्याला दिसत पण नाही, आणि खरचटलं तर हवेत तो परत आपला आपण धरतो. त्याचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे क्लोराइड. टाइल्सवाल्यांचं ऍसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, त्याची वाफ दमट हवेत स्टीलवर बसते आणि बारीक बारीक जागी पापुद्रा फोडते. मीठ हे पण क्लोराइडच, म्हणून लिंबू-मीठ तांब्यापितळेला ठीक, इथे नको. तारेच्या घासणीने काय झालं तर घासणीतलं साधं लोखंड ओरखड्यांत अडकलं आणि ते गंजलं. आमच्या वर्कशॉपमध्ये एमएसला, म्हणजे साध्या लोखंडाला, वापरलेली ग्राइंडरची चकती एसएसला, म्हणजे स्टेनलेसला, लावू देत नाही ती याचसाठी.

चुंबकाचं म्हणाल तर साहेबांना सांगा फसवणूक नाही. स्टेनलेसचे प्रकार नंबरांनी ओळखतात, फ्रिजच्या दाराला बहुतेक 430 ग्रेड असतो, त्यात निकेल नसतं, त्याला चुंबक चिकटतंच. 304 मध्ये 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल, त्याला चिकटत नाही. पण स्वस्तातल्या 202 ला पण चिकटत नाही, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, त्यामुळे सिंकला चुंबक चिकटलं नाही म्हणून ते 304 आहे असं पण समजू नका.

आता करायचं काय. आधी ती बाटली घराबाहेर, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. तिच्यात किंवा त्या टाइल्सवर ब्लीच घालायचं नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. मग बादलीभर पाण्यात मूठभर खायचा सोडा टाकून टाइल्स आणि त्यांच्या सांध्यांतून फडकं फिरवा, सांध्यात मुरलेलं ऍसिड राहिलं तर साफ केलेलं स्टील परत गंजेल, लोक नेमकं हेच विसरतात. खिडक्या उघड्या ठेवा. मग सगळं स्टील सोड्याच्याच पाण्याने आणि नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा. ठिपके राहिले तर सोड्याची पातळ पेस्ट, मऊ फडकं, आणि दारावर ज्या बारीक रेघा दिसतात त्यांच्या दिशेनेच हात चालवायचा, गोल गोल नाही. तरी नाही गेले तर तांब्याभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व, दहा मिनिटं ओलं फडकं ठेवायचं, मग भरपूर पाण्याने पुसून घ्यायचं.

जर्सीतली_माई:
वरचं सगळं बरोबर, फक्त फ्रिजला हात लावायच्या आधी एक बघ. बऱ्याच फ्रिजचं दार स्टीलसारखं दिसतं पण वर कोटिंग असतं, काळ्या स्टीलवर तर असतंच, त्याच्यावर पेस्ट घासलीस तर कोटिंग निघेल आणि ते परत येत नाही. माहितीपत्रक वाच, आणि आधी खालच्या कोपऱ्यात करून बघ. इकडे अमेरिकेत आम्ही बार कीपर्स फ्रेंड नावाची पावडर वापरतो, तिच्यात ऑक्झॅलिक ऍसिड असतं, आपल्या आंबट चुक्यात असतं तेच, गंज छान काढते. तुमच्याकडे फरशी पॉलिशवाले वापरतात ती पण हीच पूड, पण पोटात गेली तर विषारी, हातमोजे घालून, आणि सिंकलाच, कोटिंगच्या दाराला नाही. आणि चकाकीसाठी खोबरेल नको, ते खवट आणि चिकट होतं, त्यावर धूळ बसते. बेबी ऑइलचे दोन थेंब पुरतात.

मालवणकर:
आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गेली वीस वर्षं स्टीलचा ओटा वापरतोय. खाऱ्या वाऱ्याने डाग येतात पण ते हळूहळू, असे चार दिवसांत नाही. आम्ही रोज रात्री झोपायच्या आधी ओल्या फडक्याने पुसतो आणि लगेच कोरड्याने, बस, साबण पण आठवड्यातून एकदा. पाणी सुकू द्यायचं नाही, बोअरचं असेल तर पांढरे क्षार बसतात, त्यावर व्हिनेगर. मासे धुतलेलं खारट पाणी सिंकमध्ये रात्रभर ठेवायचं नाही. आई लोणचं कधी स्टीलच्या डब्यात भरायची नाही, चिनी मातीचीच बरणी, डब्याच्या तळाला बारीक भोकं पडतात म्हणायची. ते पण मिठाचंच काम.

आणि ताई, चिमणीवरचा प्लास्टिकचा कागद काढलात ना? राहिला तर उष्णतेने गोंद भाजून बसतो.

आंबापोळी:
कागद राहिला होता! काढला, कडेचा गोंद कोमट साबणाच्या पाण्याने आणि जरा तेल लावून निघाला.

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस हेच करत होते. सांध्यांवर सोड्याचं पाणी घातलं तर अजून बुडबुडे आले, म्हणजे दादा म्हणाले तसं ऍसिड मुरलेलंच होतं, बुडबुडे थांबेपर्यंत तीनदा केलं. मांडणी आणि सिंक स्वच्छ झालं. फ्रिजला कोटिंग नाही, कोपऱ्यात करून बघितलं, लिंबूसत्त्वाने ठिपके गेले, फक्त तीन जागी नखाला खड्डा लागतो.

भोसरीचा_फॅब्रिकेटर:
ते खड्डे भरणार नाहीत, पण कोरडे ठेवले तर वाढणार पण नाहीत. ओरखड्यांचा कोपरा पण तसाच राहू दे, घरी घासत बसलात तर दारावर वेगळा चट्टा दिसेल. मिस्त्रींना मात्र कळवा.

आंबापोळी:
कळवलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, पुढच्या घरी फ्रिज आणि भांडी आधी बाहेर काढून मगच धुतो म्हणाले.