धोबी, परीट की खंजन?

पंचवटीतून प्रश्न :
रविवारी नांदूर मध्यमेश्वरला गेलो होतो. चिखलात शेपटी खालीवर करत तुरुतुरु पळणारा पांढरा-करडा पक्षी दिसला. आई म्हणाली, "परीट आला बघ." गाईडदादा त्याला धोबी म्हणाले. घरी लेकीच्या वहीत 'व्हाइट वॅगटेल हा दुर्मिळ परदेशी पाहुणा, त्याच्या अनेक प्रजाती आहेत' असं लिहिलं आणि अडलो. नाव कोणतं घालू? आणि 'प्रजाती' बरोबर आहे का?

सिन्नरहून :
दादा, नावं दोन्ही चालतील. पाण्याकाठचा वावर आणि कपडे आपटावेत तशी शेपटी, म्हणून परीट किंवा धोबी. पक्षी बघणाऱ्यांत 'धोबी' जास्त रुळलाय, पण मला आईंचा शब्द गोड वाटतो. 'खंजन' संस्कृतातला, खञ्ज् म्हणजे लंगडणे या धातूवरून. चंचल डोळ्यांना कवी त्याचीच उपमा देतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खंजनदर्शनाच्या शकुनांवर अख्खा अध्याय आहे. बोलताना मात्र 'खंजन दिसला' असं कुणी म्हणत नाही.

'प्रजाती' खोडा. विश्वकोशाच्या मराठीत जीनस (जवळच्या जातींचा गट) म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. स्पीशीजला प्रजाती म्हणणं हे हिंदीचं वळण, वर्तमानपत्रांतून आपल्याकडे आलेलं. पांढरा धोबी ही एकच जाती. तिच्या उपजाती, कुणाच्या हिशेबाने 9 तर कुणाच्या 11. पोर्तुगालपासून सैबेरिया ओलांडून थेट पश्चिम अलास्कापर्यंत त्यांची वीण होते. त्यातल्या एका उपजातीचं शास्त्रीय नाव मोठ्याने वाचा : मोटासिला आल्बा दुखुनेन्सिस. दुखुन म्हणजे आपलं दख्खन! ब्रिटिश अधिकारी आणि पक्षीअभ्यासक कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये इथल्या पक्ष्यावरून ते दिलं. काही अभ्यासक हिला आता मूळ 'आल्बा' उपजातीतच धरतात, तरी मी 'दख्खनी धोबी' म्हणणं सोडणार नाही.

निफाडहून :
सिन्नरच्या ताईंशी सहमत. एक भर घालतो : सगळेच धोबी पाहुणे नसतात. डोकं-पाठ काळी, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई आणि अंगाने मोठा, तो वेगळ्या जातीचा, बारमाही इथलाच. पाहुणा पावसाळा सरताना येतो, उन्हाळ्याच्या तोंडावर जातो. 'दुर्मिळ'ही काढा. आययूसीएन या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत पांढरा धोबी सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. पण त्याला किडे टिपायला ओला, उघडा काठ लागतो आणि सिमेंटच्या काठावर तो चिखल उरत नाही. नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, त्याचा आम्हाला आनंद आहे तो यासाठीच. म्हणून वहीत काठाबद्दल लिहिलंत तर 'संवर्धन'पेक्षा 'जतन' लिहा. पक्ष्यांची पैदास वाढवायची नाहीये, काठ आहे तसा राखायचाय.

पंचवटीतून :
आभार, ताई, दादा. वहीत आता असं आहे : 'पांढरा परीट (धोबी). उपजाती अनेक, एकीच्या नावात दख्खन. हिवाळ्यात आपल्याकडे.' लेक विचारतेय, मग त्याला परदेशी का म्हणायचं? तो शब्दही खोडला.